वाचकांचे प्रश्न: गोळी बंद करू नका, पोटातले जंतू तिच्याच कामाला लागलेत

मागच्या अंकात मी आतड्याच्या सुजेच्या आजारांवर, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोघांवर, पानभर लिहिलं होतं आणि त्यात आतड्यातल्या जंतूंवर जेमतेम एक वाक्य होतं की या आजारात तिथल्या जंतूंची घडी विस्कटलेली सापडते. पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. बाकीचं पान कुणी वाचलं की नाही देव जाणे. सहा प्रश्न घेतलेत, नावं-गावं काढून टाकलीत, आणि पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण तसलं पत्र हल्ली महिन्याला एक तरी येतंच.

प्रश्न: मॅडम, माझे मिस्टर ४१ वर्षांचे, आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. संडासवाटे रक्त जायचं तर पहिले आठ महिने मूळव्याध समजून मलमच लावत बसले. मग कोलोनोस्कोपी झाली, अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. सांधेही दुखायचे म्हणून डॉक्टरांनी सल्फासालाझिनच्या गोळ्या आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलं. दीड वर्ष अगदी उत्तम होतं. दिवाळीत यांच्या मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला की हा आजार पोटातल्या जंतूंचा बॅलन्स गेल्यामुळे होतो आणि केमिकलच्या गोळ्या चांगले जंतू मारतात, झालं, यांनी गोळ्या बंद केल्या आणि प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल सुरू केल्या. पाच आठवडे झाले, आता दिवसाला सात-आठ वेळा जावं लागतं, रक्त आणि आव दोन्ही. हे म्हणतात नवीन जंतू सेट व्हायला वेळ लागतो, धीर धर. मी काय करू?

उत्तर: ताई, धीर अजिबात धरू नका. हे वाचून होईपर्यंत थांबा आणि लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि त्यासोबत ताप, किंवा स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी ९० च्या वर, किंवा उठताना डोळ्यापुढे अंधारी, यातलं एक जरी असलं तरी फोनबिन राहू दे, सरळ दवाखान्यात न्यायचं, अशा माणसाला अ‍ॅडमिट करूनच बघावं लागतं. आणि जुन्या गोळ्या घरच्या घरी एकदम पूर्ण डोसने सुरू करू नका, कदाचित आता त्यांना वेगळं, जास्त जोराचं औषध लागेल, ते डॉक्टरांना ठरवू दे.

आता मावसभावाच्या व्हिडिओबद्दल. खरं सांगू, त्यात अर्धं खरं होतं, म्हणून तर फसायला झालं. जंतूंचा या आजारात हात आहे हे काही कालचं संशोधन नाही. १९९३ मध्ये उंदरांची एक जात तयार केली गेली, त्यांच्यात सूज आवरणारं इंटरल्युकिन-१० नावाचं प्रथिनच बनत नव्हतं, त्या उंदरांना आपोआप आतड्याची सूज यायची. मग तेच उंदीर पूर्ण जंतूविरहित पेटीत वाढवले, हवा गाळलेली, खाणं निर्जंतुक केलेलं, तर सूज आलीच नाही. दोष तोच, अंगकाठी तीच, फक्त जंतू नाहीत तर आजारही नाही. माणसांतही असंच काहीसं दिसलंय. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या सर्जननी क्रोन्सचा खराब तुकडा कापल्यावर पाच पेशंटांमध्ये वरचं आतडं पोटावर बाहेर काढून ठेवलं, म्हणजे खालच्या जोडलेल्या आतड्यात काहीच उतरू दिलं नाही, तर सहा महिन्यांनीही तिथे आजार परतलेला नव्हता. रस्ता परत जोडून दिला आणि मग आला. हे १९९१ चं. पुढे १९९८ मध्ये त्यांच्याच गटाने तीन पेशंटांच्या अशा रिकाम्या ठेवलेल्या आतड्यात त्यांच्याच वरच्या आतड्यातला ऐवज सोडून बघितला तर आठ दिवसांत भिंतीत सूज दिसायला लागली. आठ दिवसांत, बरं का.

म्हणजे भांडण आहे, आणि ते जंतूंशीच आहे, पण घुसखोर जंतूंशी नाही, घरच्याच जंतूंशी. कॉलरा-टायफॉइडसारखा एखादा जंतू पकडा, मारा, आजार गेला, असं इथे होत नाही कारण भांडायला उठलीय ती आपलीच प्रतिकारशक्ती. जे शेजारी आपण जन्मापासून सांभाळले त्यांच्यावरच ती काठी घेऊन धावते. आणि अशी मारामारी सुरू झाली की आतड्यातल्या जंतूंच्या वस्तीचं रूप बदलतं. निरोगी मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, तिथे ऑक्सिजन सहन न होणारे जंतू सुखाने नांदतात. सूज आली की भिंतीतून ऑक्सिजन आणि नायट्रेट झिरपायला लागतं, हे ई. कोलायच्या कुळातल्या मंडळींना मेजवानी, ते बेसुमार वाढतात आणि आधीचे गरीब जंतू उपाशी मरतात. उंदरांमध्ये हे पायरी-पायरीने दाखवलं गेलंय. तेव्हा तुमच्या मिस्टरांच्या पोटातला बॅलन्स बिघडलेला असणारच, पण तो आजारामुळे किती बिघडला आणि बिघडल्यामुळे आजार किती वाढला हा धागा सोडवता येत नाही, दोन्ही बाजूंनी गाठ मारलेली आहे. सूज उतरवली की वस्तीही बऱ्यापैकी सावरते. सूज तशीच पेटती ठेवून वरून कॅप्सूलमधले जंतू टाकणं म्हणजे दंगल चालू असताना त्याच गल्लीत नवीन बिऱ्हाडं उतरवणं.

आणि आता ती गंमत, जी त्या व्हिडिओवाल्याला नक्कीच माहीत नव्हती. मिस्टर ज्या सल्फासालाझिनला केमिकल म्हणून फेकून बसलेत ना, ती गोळी पोटातल्या जंतूंशिवाय काम करतच नाही! ही गोळी स्वीडनच्या डॉक्टर नान्ना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या आसपास आणली, मुळात सांधेदुखीसाठी, दोन औषधं एकमेकांना रासायनिक गाठीने बांधून. ती गाठ आपल्या शरीराला सोडवता येत नाही. गोळीतलं बरंचसं औषध तसंच्या तसं खाली उतरतं, मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जंतू ती गाठ कातरतात. १९७२ मध्ये हे जंतूविरहित उंदरांवर तपासलं, त्यांच्या पोटातून औषध अखंड बाहेर पडलं, गाठ सुटलीच नाही. गाठ सुटल्यावर दोन तुकडे होतात, त्यातला आतड्याला बरं करणारा नेमका कोणता, हे १९७७ मध्ये ऑक्सफर्डला बांगलादेशच्या आझाद खान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशंटांना एकेक तुकडा वेगळा एनिमातून देऊन शोधून काढलं. तो तुकडा म्हणजेच आज मेसालामाइन नावाने मिळतं ते औषध. दुसरा सल्फाचा तुकडा रक्तात जातो, लघवी केशरी होते ती याच गोळीमुळे, मिस्टरांना हे आठवत असेल. तर चांगले जंतू मारणारी म्हणून जी बदनाम केली ती गोळी त्या जंतूंच्या भरवशावर चालत होती आणि दीड वर्ष चालत होती, म्हणजे यांच्या पोटातले ते कामगार जागेवर होते, हजेरीपटावर सही करत होते. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखवा.

बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणं हा तर जुनाच खेळ आहे. १९७३ मध्ये ऑक्सफर्डलाच सल्फासालाझिनवर वर्षभर किंवा जास्त काळ ठीक असलेल्यांपैकी काहींना गुपचूप साखरेची गोळी दिली, तर सहा महिन्यांत त्यांच्यात आजाराने उचल खाल्ली ती औषध चालू असलेल्यांच्या चौपटीहून जास्त.

प्रोबायोटिकमध्ये काहीच दम नाही असंही मी म्हणणार नाही, नाहीतर उद्या पुरावे घेऊन पत्रं येतील. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरला एक सैनिक सापडला ज्याच्या आजूबाजूचे सगळे जुलाबाने आडवे पडलेले आणि हा ठणठणीत. त्याच्या संडासमधून निसलने ई. कोलायचा जो वाण वेगळा केला तो आजतागायत वापरात आहे. २००४ मध्ये ३२७ पेशंटांवर वर्षभराचा अभ्यास आला, आजार शांत असताना हा वाण मेसालामाइनइतकाच टिकाव धरतो असं त्यात दिसलं. लक्षात घ्या, शांत असताना, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, आणि हाच एक वाण. मोठं आतडं काढून आतल्या आत पिशवी केलेल्यांना त्या पिशवीच्या सुजेत जंतूंच्या एका मिश्रणाचा फायदा झालाय. क्रोन्समध्ये मात्र पदरी काहीही पडलेलं नाही. दुकानातल्या 'दहा अब्ज जंतू' लिहिलेल्या कुठल्याही डबीला हे गुण आपोआप चिकटत नाहीत, जसं अल्फान्सोची कीर्ती आहे म्हणून गाडीवरच्या प्रत्येक आंब्याला ती लागू होत नाही.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे, वय २९, क्रोन्सचं निदान होऊन वर्ष झालं. ऑनलाइन मागवून 'गट मायक्रोबायोम' टेस्ट, म्हणजे संडासवरून आतड्यातल्या जंतूंची तपासणी, केली. रिपोर्ट ३४ पानी आहे, त्यात माझा स्कोअर लाल रंगात आहे आणि फिकॅलिबॅक्टेरियम 'क्रिटिकली लो' लिहिलंय. माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडूनही बघितला नाही. हे योग्य आहे का?

उत्तर: नजर तरी टाकायला हवी होती, एवढे पैसे घालून पेशंट काही आणतो तर दोन मिनिटं बघावं. पण बघूनही त्यांनी औषध बदललं नसतं, आणि ते बरोबरच आहे.

फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा जंतू खरंच मोठा मानकरी आहे. तो आपल्या खाण्यातला न पचलेला चोथा आंबवून ब्युटिरेट बनवतो, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी साधारण ७० टक्के शक्ती त्या ब्युटिरेटवर मिळवतात. रक्तातून साखर येते तरी त्यांचं पोट भरतं जंतूंच्या उष्ट्यावर! २००८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की क्रोन्सच्या ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या आतड्यात हा कमी होता त्यांच्यात सहा महिन्यांत आजार परत येण्याचं प्रमाण जास्त होतं. २०१० च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात सुजेच्या आजाराच्या लोकांच्या पोटात जंतूंची जनुकं इतरांपेक्षा सरासरी २५ टक्के कमी निघाली, म्हणजे वस्तीतली विविधताच रोडावलेली. उलट काही जंतू माजलेले सापडतात, फ्रान्समध्येच क्लेरमाँ-फेराँच्या लोकांनी क्रोन्सच्या पेशंटांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ई. कोलायचा असा प्रकार शोधला जो अस्तराला चिकटतो आणि पेशींच्या आत शिरून राहतो.

पण हे सगळं शे-दोनशे लोकांची सरासरी काढल्यावर दिसणारं चित्र आहे. एका माणसाची एक बरणीभर संडास एका सकाळची गोष्ट सांगते. तुम्ही मागच्या आठवड्यात अँटिबायोटिक घेतलंत, कोलोनोस्कोपीच्या तयारीचं ते खारट पाणी प्यायलात, चार दिवस जुलाब झाले, की चित्र पालटलं. २०१९ मध्ये अमेरिकेत १३२ लोकांना वर्षभर वारंवार तपासून बघितलं तर आजार असलेल्यांच्या पोटातली वस्ती एका तपासणीपासून दुसरीपर्यंत इतकी हेलकावे खात होती की एखाद्याचा दोन वेळचा नमुना ओळखू येऊ नये. शिवाय तो लाल-हिरवा पट्टा कुणाशी तुलना करून काढलाय हे विचारा. भारतीय पोटात, विशेषतः धान्य-डाळी खाणाऱ्यांच्या, प्रिव्होटेला नावाचा जंतू भरपूर असतो, पुण्यातल्याच एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलंय. अमेरिकन माणसाच्या मापाने शिवलेला सदरा घालून आपल्याला बाह्या लांब होतात म्हणून हात तोकडे आहेत असं कुणी म्हणत नाही ना.

त्यापेक्षा फिकल कॅलप्रोटेक्टिन करा, तीही संडासचीच टेस्ट, बरीच स्वस्त. आतड्यात पांढऱ्या पेशी लढायला उतरल्यात का ते ती सांगते. ५० च्या खाली असेल तर बहुतेक निवांत, २५० च्या वर गेली की आत काहीतरी पेटलंय असं धरायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. हा आकडा बघून तुमचे डॉक्टर औषध बदलतील, त्या ३४ पानांवरून नाही.

प्रश्न: माझा मुलगा १४ वर्षांचा. पोटदुखी, वजन उतरत चाललेलं. आधी आतड्याचा टीबी म्हणून औषधं सुरू केली, आता क्रोन्स म्हणतायत. तो लहान असताना कान फुटायचा म्हणून मी वर्षाला पाच-सहा वेळा अँटिबायोटिक द्यायचे. सगळीकडे वाचतेय की त्यामुळेच हा आजार होतो. माझ्याच हाताने झालं का हे?

उत्तर: नाही हो. आधी हे ऐका मग बाकीचं.

लहानपणी खूप अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांमध्ये हा आजार थोडा जास्त आढळतो हे खरंय, अनेक देशांत दिसलंय. पण थोडा जास्त म्हणजे काय, तर मुळात विरळ असलेली गोष्ट किंचित कमी विरळ. वर्षाला सहा कोर्स घेतलेली बहुतेक सगळी पोरं धडधाकट वाढतात, तुमच्या बिल्डिंगमध्ये दहा सापडतील. आणि फुटलेल्या कानाला औषध न देता बसला असतात तर आज वेगळं पत्र लिहिलं असतंत. या आजाराला एक कारण नाही. २००१ मध्ये नॉड-२ हे जनुक सापडलं, जंतूंच्या भिंतीचा तुकडा ओळखून पेशीला सावध करणारं, एक प्रकारे वॉचमनच, आणि तो वॉचमन डुलक्या घेणारा असेल तर क्रोन्सचा धोका वाढतो असं कळलं. सगळे खूश झाले. पण युरोपात सापडणारे त्या जनुकाचे ते बिघाड आपल्याकडे जवळपास नाहीतच, तरी क्रोन्स आहे. अगदी एकसारख्या जुळ्या भावांतही एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही असं कित्येकदा दिसतं. आईच्या हातात असतं तर एवढं कोडं राहिलंच नसतं.

टीबीचं म्हणाल तर डॉक्टर चुकले असं धरू नका. दोन्ही आजार लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं त्याच कोपऱ्यात बसतात, दोन्हींत व्रण पडतात, मायक्रोस्कोपखालीही दोघांत पेशींच्या गाठी दिसतात, आणि नेमका टीबीचा जंतू तुकड्यात पुष्कळदा सापडतच नाही. त्यामुळे शंका असेल तर आपल्याकडे आधी टीबीची औषधं देऊन दोनेक महिन्यांनी परत दुर्बीण घालून व्रण भरले का ते बघतात. भरले नाहीत तर क्रोन्सकडे वळायचं. याउलट क्रोन्स समजून स्टिरॉइड चालू केली आणि असला टीबी, तर तो पेटून उठतो, म्हणून हा सावधपणा. मुलाचे दोन महिने गेले असं वाटतं, पण ते जाण्यावाचून पर्याय नव्हता बहुतेक.

एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त औषधी पोषण-दूध, दुसरं काही म्हणजे काही नाही, पोळी नाही की चिवडा नाही, असा उपचार आहे. दहातल्या सात-आठ मुलांची सूज त्याने उतरते, स्टिरॉइडशिवाय, आणि वाढ खुंटत नाही. गंमत म्हणजे यात जंतूंचं वैविध्य वाढत नाही, उलट कमी होताना दिसतं, तरी मूल बरं होतं! 'जंतू जेवढे तऱ्हेतऱ्हेचे तेवढी तब्येत चांगली' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. अवघड एवढंच की घरात बाकीचे जेवत असताना १४ वर्षांच्या पोराने ग्लास घेऊन बसायचं. आमच्याकडच्या एका मुलाच्या आजीने तेवढे दीड महिने घरात फोडणीच घातली नाही, वासाने त्याला जड जायला नको म्हणून. सगळ्यांनी उकडलेलं खाल्लं.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. दुसऱ्याची संडास घालून आजार बरा होतो हे खरं आहे का? यूट्यूबवर घरी मिक्सरमध्ये करायची पद्धत आहे. माझा भाऊ एकदम फिट आहे, तो तयार आहे.

उत्तर: तो मिक्सर आईचा असेल तर तिला आधी विचारलंस का रे?

चेष्टा सोड, पण घरी करू नकोस. कल्पना खुळचट नाहीये. १९५८ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या सर्जननी अँटिबायोटिकनंतरच्या भयंकर जुलाबांनी मरायला टेकलेल्या चार पेशंटांना निरोगी माणसाच्या संडासचा एनिमा दिला आणि ते वाचले. २०१३ मध्ये हॉलंडच्या अभ्यासात सी. डिफिसिल या जंतूच्या वारंवार होणाऱ्या जुलाबात १६ पैकी १३ जण एकाच खेपेत बरे झाले, अभ्यास मधेच थांबवला कारण बाकीच्यांना यापासून वंचित ठेवणं बरं दिसेना.

तुझ्या आजारात मात्र एवढं सरळ नाही. तिथे एक जंतू माजलेला होता, इथे घराचेच वासे फिरलेत. कॅनडात २०१५ मध्ये ७५ पेशंटांवर करून बघितलं, आठवड्याला एक एनिमा, सहा आठवडे. खरा एनिमा मिळालेल्या ३८ पैकी ९ जणांचा आजार शांत झाला, नुसत्या पाण्यावाल्या ३७ पैकी दोघांचा. आणि त्या ९ मधले ७ एकाच दात्याचे! बाकी दात्यांचं फारसं लागलंच नाही. विरजणासारखं आहे हे, एका घरचं विरजण घट्ट कवडी दही लावतं आणि दुसरीकडचं नुसतं आंबट पाणी करतं, दोन्ही दिसायला सारखीच, आणि तुझ्या फिट भावाचं कुठलं निघेल हे त्याचे डोले-शोले बघून कळत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने जे केलं ते मला जास्त आवडलं. दाते मुद्दाम खेड्यातले घेतले, एकाऐवजी अनेक, आठवड्याला एक असं सात वेळा दुर्बिणीतून दिलं आणि सोबत सूज कमी करणारा आहार, नंतर नुसता आहार चालू ठेवला. ६६ पेशंट होते, आजार सौम्य-मध्यम. आठ आठवड्यांनी या गटातले ६० टक्के शांत, नेहमीच्या औषधांवरचे ३२ टक्के. म्हणजे विरजण बदललं आणि दूधही बदललं. लुधियानातही यावर बरंच काम झालंय. अभ्यासाबाहेर मात्र या आजारासाठी हा अजून रोजचा उपचार झालेला नाही.

घरी का नको, तर २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याकडून दोन पेशंटांना अँटिबायोटिकला न जुमानणारं ई. कोलाय गेलं आणि त्यातला एक दगावला. दाता ठणठणीत होता, त्याला काहीच होत नव्हतं. असे जंतू आपल्या देशात कितीतरी निरोगी लोकांच्या पोटात गुपचूप बसलेले असतात. तुझ्या आतड्याला आधीच व्रण, म्हणजे दार उघडंच. भावाला सांग, तयारी दाखवलीस हेच खूप झालं. आणि हो, सबमिशनच्या टेन्शनमध्ये डोकं दुखलं की आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक घेत असशील तर बंद कर, त्याने आजार उचल खातो. पॅरासिटामॉल घे.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, इथे आपल्या लोकांमध्ये हा आजार फार ऐकतो. भारतात तर कुणाला नव्हता. इथलं पाणी बाधतं का?

उत्तर: लेस्टरचंच नाव काढलंत, तिथला अभ्यास प्रसिद्धच आहे. १९९२ मध्ये तुमच्याच भागात मोजणी झाली तेव्हा तिथल्या हिंदू आणि शीख कुटुंबांत अल्सरेटिव्ह कोलायटिस गोऱ्या लोकांपेक्षाही जास्त निघाला. आजोबा-पणजोबा तेच, जनुकं तीच, बदललं ते राहणं-खाणं, आणि त्यासोबत पोटातली वस्ती. पाण्यावर खापर फोडता येणार नाही. पण 'भारतात कुणाला नव्हता' हे तितकंसं खरं नाही. लुधियानात घरोघर जाऊन ५१,९१० लोकांना विचारलं होतं, २००३ मध्ये छापून आलं, लाखात ४४ जणांना होता. इथे तो मूळव्याध, जुनी आव, 'पोट नाजूक आहे' अशा नावांखाली लपून असायचा.

प्रश्न: ताक चालतं का? आणि शिळा भात? सासूबाई म्हणतात शिळ्या भाताने आतड्याला थंडावा मिळतो. (मला कोलायटिस आहे, सध्या शांत आहे.)

उत्तर: ताक पचत असेल तर खुशाल प्या. त्यातले जंतू बहुतेक पाहुणे, येतात नि जातात, मुक्काम करत नाहीत, म्हणून ताकाला औषध समजू नका, पण जेवणाला चव येते हे काय कमी आहे. पोट बिघडलेलं असताना दूध-ताकाने गुडगुड होत असेल तर तेवढ्यापुरतं थांबवा.

सासूबाईंच्या शिळ्या भातात तथ्य आहे. भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च असा घट्ट होतो की लहान आतड्यात पचत नाही, तो खाली मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जंतू त्याचं ब्युटिरेट करतात, तेच वर सांगितलेलं. आजार शांत असताना ज्वारीची भाकरी, डाळ, शिजवलेली भाजी, जरासं कच्चं केळं, हे सगळं त्याच कामाचं. भडकलेलं असताना मात्र हा चोथा झेपत नाही, आणि क्रोन्समध्ये आतडं कुठे आकसलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायचा नाही, गार झाला की लगेच फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा. ओट्यावरच्या भातात वेगळे जंतू वाढतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते महागात पडेल. सासूबाईंच्या काळी फ्रिज नव्हता हे मला माहीत आहे, त्या हेच म्हणतील. त्यांना म्हणावं, फ्रिजमधलाच भात काढून फोडणी द्या आणि वाफ येईपर्यंत परता, गरम केल्यावरही तो घट्ट झालेला स्टार्च बराचसा तसाच राहतो.